पासंग

४ सप्टेंबर

तीर्थरूप मामंजी यांस,

पाकिटावरचे अक्षर अनोळखी असूनही आपण ते उघडलेत, याबद्दल आधी आभार मानते आणि मग नमस्कार करते. मी आपली सून. आपली भेट एकदाच झाली, लग्नाच्या दिवशी. आपण दाराजवळ उभे होतात आणि फोटोच्या आधी निघून गेलात. फोटोत दाराची चौकट मात्र आली आहे. आपले चिरंजीव तो फोटो हातात घेतात तेव्हा आधी त्या चौकटीकडे पाहतात, मग माझ्याकडे. मी अद्याप हरकत घेतलेली नाही.

पत्र कामाचे आहे, म्हणून क्रमाने लिहिते. मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि क्रम सोडला की मुलांच्या आधी माझाच गोंधळ उडतो, हे मला अनुभवाने कळले आहे.

घर सोडताना आपल्या चिरंजीवांनी सासूबाईंच्या स्वयंपाकघरातला लहान तराजू बरोबर आणला. पितळी पारड्यांचा, मधोमध धरून टांगायचा. सासूबाई होत्या तेव्हा आपणच तो त्यांच्यासाठी बनवला, असे मला समजले. इथे तो शोभेला ठेवलेला नाही, रोज कामात आहे. धर्मविद्यालयाच्या मागच्या गल्लीत विवाहित विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी इमारत आहे. तिथे प्रत्येक जोडप्याला एक खोली, एक स्वयंपाकघर आणि शेजाऱ्यांचे सगळे संभाषण मिळते, कारण भिंती फार पातळ आहेत. नवरे चर्चचे पाळक होण्यासाठी शिकतात. बायका शाळेत, दवाखान्यात, शिवणाच्या कारखान्यात जातात. पीठ, साखर, साबणाची पूड आम्ही सगळे मिळून पोत्याने आणतो आणि शनिवारी आमच्या दारापुढे तोलून वाटून घेतो. तराजू आमचा, म्हणून तोलण्याचे पद माझ्याकडे आले आहे.

आता दोष सांगते. दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी आडवी राहायला हवी. ती राहत नाही. उजवे पारडे जरासे खाली बसते. मी वजन डावीकडे आणि माल उजवीकडे ठेवते. त्यामुळे प्रत्येकाला माल थोडा कमी जातो. सुटी संपल्यावर मी तराजू साबणाने घासून लखलखीत केला होता. डाव्या पारड्याखाली जमलेला मळ आणि दोऱ्याचा गुंताही कापून काढला. तेव्हा अस्वच्छता हे कारण नव्हे, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

हा दोष शोधला शेजारच्याने. त्याला सगळे ‘आमेन’ म्हणतात, कारण नळाला पाणी आले का असे विचारले तरी तो तेच उत्तर देतो. त्याची बायको नर्स आहे. त्याने आपली साखर तिच्या दवाखान्यातल्या काट्यावर पुन्हा तोलली आणि पुडी हातात घेऊन आमच्या दारात उभा राहिला. म्हणाला, “वहिनी, तक्रार नाही. पण पाळकांच्या इमारतीत खोटा तराजू निघाला हे बाहेर कळलं, तर उद्या मंडळी आम्हाला पगारही याच तराजूनं देतील.” त्या दिवसापासून खोट्या तराजूविषयी धर्मग्रंथाचे मत मला चौघांनी ऐकवले आहे, त्यांतल्या दोघांनी मूळ भाषेत.

मी आपल्या चिरंजीवांना उपाय विचारला. ते म्हणाले, “बाबांना विचारायला हवं.” एवढे बोलून ते भांडी घासायला लागले आणि एकच ताटली बराच वेळ घासत राहिले. म्हणून विचारते आहे. मी विचारले, हे त्यांना ठाऊक नाही.

गेल्या वर्षी आपणा बापलेकांत काय झाले ते मला माहीत आहे. काटे दुरुस्त करण्याचा नावाजलेला धंदा, दुकानाच्या पाटीवर आपल्या नावापुढे रंगवलेले ‘आणि चिरंजीव’, आणि चिरंजीव म्हणतात की मी पाळक होणार. आपण म्हणालात, “शब्दांना वजन नसतं. जे तोलता येत नाही त्यावर जगता येत नाही.” तेव्हापासून दोन्हीकडे शांतता आहे. या वादात मला कोणत्याच पारड्यात बसायचे नाही. फक्त एक माहिती देते. वीस ऑक्टोबरला त्यांचा चाचणी-उपदेश आहे. सगळ्या प्राध्यापकांसमोर आणि विद्यार्थ्यांसमोर प्रत्येकाला पहिला उपदेश करावा लागतो, आणि त्या दिवशी घरच्यांसाठी पहिल्या ओळीत दोन खुर्च्या मिळतात. एकीवर मी बसेन. दुसरी कोणाची, ते त्यांनी सांगितलेले नाही. आमेनच्या दोन मावश्या येणार आहेत, म्हणून त्याने ती मागितली. हे म्हणाले, “बघू.” ज्या माणसाने मागच्या थंडीत अंगातला स्वेटर काढून दिला तो एका खुर्चीसाठी ‘बघू’ म्हणतो, तेव्हा ती खुर्ची रिकामी नसते, असे माझे निरीक्षण आहे.

असो. तराजूचे तेवढे कळवावे.

आपली,
सून


१९ सप्टेंबर

तीर्थरूप मामंजी यांस,

आपले कार्ड मिळाले. “पारडी अदलाबदल करा. काय होते ते कळवा.” वर मायना नाही, खाली सही नाही. परंतु ‘कळवा’ हा शब्द आहे, आणि तो वाचून मला इतका आनंद झाला की वर्गात मी हजेरी दोनदा घेतली.

प्रयोग केला. तो किती सुंदर आहे हे आपल्याला सांगणे म्हणजे माशाला पोहणे शिकवणे, पण राहवत नाही म्हणून लिहिते. तराजू कलतो तेव्हा संशयित दोन असतात, दांडी आणि पारडी. पारडी बदलल्यावरही उजवीच बाजू खाली बसली असती तर दांडी दोषी ठरली असती. तसे झाले नाही. आता डावी बाजू खाली बसते. म्हणजे दोष पारड्यांबरोबर गेला. दांडी निर्दोष सुटली. आपण बनवलेली दांडी होती, तिच्याबद्दल मला तशीही शंका नव्हती. एक पारडे दुसऱ्यापेक्षा हलके आहे. जे आधी डावीकडे होते, ते.

मी हे सगळे जमिनीवर मांडून बसले असताना हे वर्गातून परतले आणि दारातच थांबले. तराजू का मोडला, असे त्यांनी विचारले. शाळेसाठी प्रयोग आहे, असे मी म्हटले. हे खोटे ठरू नये म्हणून दुसऱ्याच दिवशी मी तो सातवीच्या वर्गात करून दाखवला. तेव्हा आता ते खरे आहे.

आपण विचारले नाही, तरी आमचे दिवस कसे जातात ते लिहिते. आमच्याकडे टेबल एकच आहे. अर्ध्यावर माझ्या मुलांच्या वह्या असतात, अर्ध्यावर यांचे प्राचीन भाषांचे व्याकरण. मध्ये सीमारेषा म्हणून साखरेचा डबा ठेवलेला आहे, पण सीमेवर चकमकी होतात. मागच्या आठवड्यात मी वह्या तपासण्याच्या ओघात यांच्या निबंधावरही ‘पाहिले’ असा शाळेचा शिक्का मारून दिला. निबंध तसाच जमा झाला. उपदेश शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी त्या शिक्क्याखाली ‘मीही पाहिले’ असे लिहून परत पाठवला. या प्राध्यापकांना मुले ‘घड्याळसर’ म्हणतात, कारण कोणी बोलायला लागला की ते मनगटावरचे घड्याळ काढून समोर ठेवतात. आम्हाला त्यांची फार भीती वाटायची. आता थोडी कमी वाटते.

मोरीच्या नळावर यांनी क्रियापदांचे तक्ते चिकटवले आहेत. भांडी घासताना पाठांतर होते. त्याचा लाभ असा की भूतकाळ पक्का होईपर्यंत आमच्या कढया आरशासारख्या झाल्या. भविष्यकाळ अवघड आहे, म्हणून सध्या कपडेही तेच धुतात. मी या भाषेच्या प्रेमात आहे.

चाचणीचा विषय त्यांनी स्वतः निवडला आहे: मौन. मुद्दे तीन. विद्वानांचे दाखले भरपूर. अडचण एवढीच की मौनावरचा हा उपदेश ते रोज संध्याकाळी खणखणीत आवाजात म्हणून पाहतात, आणि भिंती मी मागच्या पत्रात सांगितल्या तशा आहेत. परवा पलीकडून नर्सबाईने भिंतीवर थाप मारली. रात्रपाळीसाठी झोपली होती बिचारी. म्हणाली, “भाऊजी, मौनाचा तिसरा मुद्दा जरा हळू.”

काळा कोट लागतो म्हणून विद्यालयाच्या कपाटातून एक मिळाला. मागे कोणी तरी विसरून गेलेला. बाह्या मी आत घेतल्या. मधले बटण नव्हते, पण साफसफाईत सापडलेले एक जाड बटण जवळपास त्याच रंगाचे निघाले. ते पक्के शिवून टाकले. त्यांना कोट घालून आरशासमोर उभे केले. म्हणाले, “मी दिसतो कसा?” मी म्हटले, दुसऱ्याच्या कोटातला तुमच्या वडिलांचा मुलगा. ते हसले नाहीत, पण कोट बराच वेळ काढलाही नाही.

हलक्या पारड्याचे काय करावे, ते कळवावे.

आपली,
सून


५ ऑक्टोबर

तीर्थरूप मामंजी यांस,

आपले दुसरे कार्ड शाळेतून परत येताना जिन्यात वाचले आणि मी तिथेच पायरीवर बसले. “डाव्या पारड्याखाली दोऱ्याने काही बांधलेले होते का? नीट आठवा.”

नीट आठवायची गरज पडली नाही. होते. एक बटण होते. काळपट, जाड, चार भोकांचे, कडेला टवका उडालेले. दोरा इतका मळला होता की मी तो सगळा मळच समजले आणि कात्रीने कापला. बटण चांगले वाटले म्हणून सुईदोऱ्याच्या डब्यात टाकले. ज्या पारड्याला मी गेला महिनाभर हलके म्हणून नावे ठेवते आहे, त्याला पुरते करणारी वस्तू मीच कापून काढली होती, आणि वर आपल्याला अभिमानाने कळवले होते की तराजू आता स्वच्छ आहे.

मामंजी, मी दरवर्षी मुलांना पासंग शिकवते. दोन पारडी समान नसली की हलक्या बाजूला जे थोडेसे बांधतात तो पासंग, असे फळ्यावर आकृती काढून सांगते. वर भाषेच्या तासाची भर म्हणून असेही सांगते की अमुक माणूस तमुकाच्या पासंगालाही पुरणार नाही, असे म्हणतात ते यावरूनच. म्हणजे किती क्षुल्लक वस्तू पाहा. आकृतीतला पासंग मी नेहमी लहानसा दगड दाखवते. बटण दाखवले असते तर कदाचित वेळीच ओळखले असते.

ते बटण आता कुठे आहे, ते आपण मागच्या पत्रावरून ओळखलेच असेल. यांच्या कोटावर, मधोमध, दुहेरी दोऱ्याने शिवलेले.

यांना मी काहीच सांगितलेले नाही. त्यांना बटण ओळखू आलेले नाही, कारण आरशासमोर ते स्वतःकडे पाहत नव्हते. तिसरा मुद्दा म्हणत होते. मी दोन्ही गोष्टी करू शकते. कोटावरून उसवून पुन्हा पारड्याला बांधणे हे काम घटकेचे आहे, दोरा मात्र नवा असेल. किंवा कोटाला दुसरे बटण आणता येईल. ते बटण कोणी बांधले होते, याचा मला अंदाज आहे, आणि म्हणूनच माझ्या मनाने काही करायचे नाही, असे मी ठरवले आहे. आपण सांगाल तसे करीन.

शनिवारचे वाटप सध्या मी वजन आणि माल यांच्या जागा बदलून दोनदा तोलून करते. पद्धत अचूक आहे, पण वेळ दुप्पट लागतो, आणि आमेन रांगेत उभा राहून प्रत्येक वेळी म्हणतो, “वहिनी, एकदा न्याय केलात तरी चालेल.”

आपली,
सून


२१ ऑक्टोबर

तीर्थरूप मामंजी यांस,

आपले तिसरे कार्ड वेळेत पोचले. “काढू नका.” दोनच शब्द, मी बटणाला हात लावला नाही. कालचा दिवस मात्र दोन शब्दांत मावणार नाही, तेव्हा हे पत्र लांबेल. क्षमा असावी.

सकाळी यांनी कोट घातला, खालून एकेक बटण लावत वर आले आणि मधल्यावर बोटे थांबली. टवक्यावरून अंगठा फिरवला. मग अगदी शांतपणे विचारले, “हे कुठं मिळालं?”

मी सगळे सांगितले. घासणे, कापणे, शिवणे, आणि आपल्याला लिहिलेली तीनही पत्रे. सांगताना मी क्रम सोडला नाही, पण आवाज सुटला. ते खाटेवर बसले. रागावतील, असे मला वाटले होते. त्यांनी हात पुढे करून आपली कार्डे मागितली. तिन्ही वाचली, पुन्हा वाचली, आणि मला म्हणाले, “बाबांनी एवढं लिहिलं? तुला?” तिन्ही कार्डे मिळून माझ्या एका वाक्याएवढीही होत नाहीत, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. ते म्हणाले, “तू त्यांना ओळखत नाहीस. हे पुराण आहे पुराण.” आणि हसले. मग मधले बटण लावले.

प्रार्थनागृह भरलेले होते. मी पहिल्या ओळीत. शेजारी रिकामी खुर्ची. आमेनच्या मावश्या मागे उभ्या होत्या, आणि त्यांची नजर माझ्या पाठीला जाणवत होती. तरी मी खुर्चीवर माझी पिशवी ठेवली नाही. ठेवली असती तर ती पिशवीची झाली असती.

आधी आमेनची पाळी होती. त्याने सुरुवात केली, “जगातला सर्वांत मोठा आवाज कोणता?” मामंजी, हे यांच्या उपदेशाचे पहिले वाक्य आहे. मला वाटले योगायोग असेल. दुसरे वाक्यही तेच. मग विद्वानांचा पहिला दाखला आला, तोही त्याच ठिकाणी श्वास घेऊन. आमच्या इमारतीची सगळी माणसे एकमेकांकडे पाहायला लागली. त्याच्या मनात काळेबेरे नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून झिरपलेले ते शब्द त्याला आपल्याच मनात उगवल्यासारखे वाटले असणार. तो अगदी रंगला होता. तिसऱ्या मुद्द्यावर आला, आणि त्याच्या बायकोचा हात सवयीने वर उठला व समोरच्या बाकावर थाप पडली.

तो थांबला. थापेचा अर्थ त्याला कळला. चेहरा लाल झाला. म्हणाला, “हे माझं नाही. हे... हे भिंतीचं आहे.”

एवढा हशा त्या प्रार्थनागृहाने ऐकला नसेल. घड्याळसरांनी मात्र हसू येऊ न देता घड्याळ उचलले. ते म्हणाले की कानावरून जाऊन उपदेश पाठ होतो, याचा अर्थ तो चांगला बांधलेला आहे. याला पुढच्या आठवड्यात पुन्हा उभा करा, आणि आता भिंतीपलीकडच्याला बोलवा.

हे उठले. कागदांची घडी घालून खिशात ठेवली. त्या कागदांत आता कोणी न ऐकलेले एक अक्षरही उरले नव्हते. हात मधल्या बटणावर गेला, आणि किती तरी वेळ ते नुसते उभे राहिले. मौनावरच्या उपदेशाची ही सुरुवात पहिल्या सुरुवातीपेक्षा सरस होती, पण ती त्यांनी ठरवून केलेली नव्हती, हे मला त्यांच्या कानांवरून कळत होते. घाबरले की त्यांचे कान हलतात. आपल्याला माहीत असेल.

मग ते बोलू लागले. आपल्या दुकानाविषयी बोलले. गावातला प्रत्येक काटा आपल्या हाताखालून जातो. रस्त्याच्या पलीकडून चालता चालता आपल्याला दांडीचा केसाएवढा कल दिसतो. कोणत्याही दुकानात शिरले की आपण मालाकडे न पाहता आधी रिकाम्या पारड्यांकडे पाहता. आणि घरचा तराजू कलता होता. पुढचे त्यांच्याच शब्दांत देते, कारण मी ते विसरणार नाही.

“आईनं माझ्या आखूड झालेल्या शाळेच्या कोटाचं बटण कापलं आणि डाव्या पारड्याखाली बांधलं. मी विचारलं, बाबांना सांगू? ती म्हणाली, नको, त्यांना वाईट वाटेल. मी सांगितलं नाही. बाबा रोज त्या तराजूसमोर बसून चहा प्यायचे. कधी एक शब्द बोलले नाहीत. इतकी वर्षं मला वाटायचं, आईनं आणि मी ते बाबांपासून लपवलं. आज सकाळी हे बटण माझ्या हाताला लागलं, आणि पहिल्यांदा मनात आलं की बाबांनीच ते आमच्यापासून लपवलं असेल. त्यांना माहीत होतं, हेच. मी मौन म्हणजे राग समजत आलो. मोठ्या विद्वानांचे दाखले गोळा केले, आणि घरातला दाखला विसरलो.”

हे म्हणताना ते आमच्या ओळीकडे पाहत होते. माझ्याकडे नव्हे. माझ्या शेजारी.

नंतर आणखी थोडे बोलले, धर्मग्रंथाशी सांधा जुळवला, आणि खाली उतरले. घड्याळसरांनी घड्याळ समोर ठेवलेच नव्हते. ते हातात धरून बसले होते आणि ते चालू आहे का, हे कानाशी लावून पाहत होते. उत्तीर्ण केले आहे. उन्हाळ्यात भाविकांची एक लहान मंडळी सांभाळायला मिळेल. आमेनने सगळ्यांसमोर यांना मिठी मारली आणि म्हणाला, “आता हा पण भिंतीतून म्हणू नकोस रे बाबा.” यापुढे सर्वांनी सराव बागेत जाऊन करावा, असा इमारतीने ठराव केला आहे. संध्याकाळी सगळे आमच्या दारापुढे जमले. चहाची साखर याच कलत्या तराजूवर तोलली, आणि ती कमी पडली, आणि कोणी काही बोलले नाही.

खुर्ची शेवटपर्यंत तशीच होती. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही.

एकच विचारायचे आहे, आणि ते विज्ञानाची शिक्षिका म्हणून विचारते. यांनी काल निष्कर्ष काढला. निष्कर्ष फार चांगला आहे, पण पडताळा झालेला नाही, आणि तो आपल्याशिवाय कोणी करू शकत नाही. आपल्याला माहीत होते का?

हे पत्र त्यांनी वाचले आहे. खाली काही लिहा म्हटले, तर म्हणाले, “माझं सगळं तू लिहिलंस.” मग पाकीट चिकटवायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले, आणि ते पुष्कळ काळजीपूर्वक केले.

आपली,
सून


२८ ऑक्टोबर

चिरंजीव, आणि सूनबाई,

माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं.

दांडी मी केली होती, पारडी बाजारातून आणलेली. एक हलकं निघालं. घाईत तसंच लावलं, आणि बदलायचं म्हणून दुसरं घेऊन आलो, तोवर तुझ्या आईनं बटण बांधून टाकलं होतं. ती बाहेर गेली तेव्हा मी तराजू दुकानात नेला आणि चांगल्या वजनांवर तपासला. केसाचा फरक नव्हता. तिनं नुसत्या अंदाजानं बांधलेलं. मग दुरुस्त काय करणार? आणलेलं पारडं अजून फडताळात पडून आहे.

तुम्ही मायलेक कुजबुजायचात तेही ऐकू यायचं. आपल्या घराच्या भिंती काही फार जाड नव्हत्या.

वीस तारखेला मी निघालो होतो. स्टेशनापर्यंत आलो आणि परत गेलो. याला कारण नाही, म्हणून देत नाही.

सूनबाई, तुमचं शेवटचं पाकीट जड झालं म्हणून पोस्टात जादा तिकीट मागितलं. मी हुज्जत घातली. म्हटलं, नुसते कागद आहेत, त्यावर लिहिलंय एवढंच. त्यांनी पाकीट काट्यावर ठेवून दाखवलं. तो काटा मीच लावून दिलेला आहे, तेव्हा पैसे भरले. शब्दांना वजन नसतं असं मी एकदा म्हणालो होतो. ते दुरुस्त करून घ्यावं.

पाटी आहे तशीच आहे. लोक विचारतात, चिरंजीव कुठं असतात. मी सांगतो, बाहेरगावी. तोही काटेच लावतो.

शनिवारी येतो. तुमच्या वाटपाच्या आधी पोचेन. ते बटण कोटावरच राहू दे. तराजूला दुसरा पासंग लागेल. माझ्या कोटाचं वरचं बटण बरेच दिवस सैल आहे. ते तिथं येऊन सूनबाईंकडून कापून घेईन, आणि बांधायचं मात्र त्यांनीच. अंदाजानं. मी तपासणार नाही.

घरी खुर्ची असेलच. ती त्या आमेनच्या मावश्यांना देऊ नये.

बाबा